कड, वळचण आणि त्रिकोणी भिंत: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

या वेळी जुन्या दुपाखी कौलारू घरांबद्दलची पत्रं इतकी आली, की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले. दोन पाख्यांच्या मध्ये जी त्रिकोणी भिंत उभी राहते, तिच्या माथ्यावर कौलं टेकतात त्या तिरक्या ओळीतच, म्हणजे कडेलाच, बहुतेकांचा त्रास सुरू झालेला दिसतो. हिशेबासाठी सगळीकडे एकच घर धरलं आहे: भिंतीचा पाया ६ मीटर, त्रिकोणाची आढ्यापर्यंतची (दोन पाखे वर मिळतात तिथपर्यंतची) उंची २.४ मीटर, घराची लांबी ८ मीटर. तुमच्या मापाप्रमाणे आकडे कमी-जास्त करा.

प्रश्न: भिंत नऊ इंची विटांची आहे. माळ्यावरच्या खोलीत त्रिकोणी भिंतीवर कौलांच्या उताराला समांतर ओलीचा पट्टा येतो. दोनदा वॉटरप्रूफ रंग दिला, दोन्ही वेळा फोड येऊन सुटला. शिवाय भिंत उन्हाळ्यात तापते आणि थंडीत गार पडते. आतून इन्सुलेशन बसवलं तर दोन्ही त्रास जातील का?

तापण्याचा त्रास कमी होईल. ओल मात्र तशीच राहील, फक्त इन्सुलेशन झाकणाऱ्या बोर्डाआड गेल्यामुळे दिसणार नाही. दोन वर्षांनी बोर्ड काढाल तेव्हा मागे काळी बुरशी आणि मऊ पडलेली लाकडी चौकट हाती येईल. रंग फुगला याचा अर्थ पाणी भिंतीच्या पोटातून बाहेर यायला बघतंय आणि रंगाने त्याची वाट अडवली आहे. आतल्या बाजूने वॉटरप्रूफ रंग देणं हा या जागी निव्वळ खर्च आहे.

आधी पाणी कुठलं ते ठरवा. पावसाचं असेल तर डाग पावसानंतर काही तासांत गडद होतो आणि वाऱ्याची दिशा बदलली की कमी-जास्त होतो. हवेतल्या बाष्पाचं असेल तर पाऊस नसतानाही थंड रात्रीनंतर सकाळी भिंत दमट लागते, आणि ती बहुधा कोपऱ्यात किंवा कपाटामागे. शंका राहिली तर साधारण ४५ सेंमी चौरस पॉलिथिनचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवा आणि दोन दिवस ठेवा. खोलीकडच्या बाजूला थेंब आले तर बाष्प, भिंतीकडच्या बाजूला आले तर पाणी भिंतीतून येतंय. तुमचा पट्टा उताराला समांतर आहे, म्हणजे पाणी कडेच्या कौलांखालून शिरतंय हे जवळजवळ नक्की.

शिडी लावून कड जवळून बघा. कडेच्या कौलाखाली सिमेंट-वाळूच्या मसाल्याची जी पट्टी असते, ती लांबून धडधाकट दिसते. कौलाच्या अगदी बुडाशी नजर नेली की मसाला आणि कौल यांच्यामध्ये केसाएवढी चीर दिसते, तिच्यात काळसर धूळ आणि कुठे कुठे हिरवं शेवाळ. पातळ पत्र्याची पट्टी किंवा जुनं बँक कार्ड त्या चिरेत सरकवा. अर्ध्याहून जास्त लांबीत ते आत जात असेल तर कड संपली समजा. वरून सिमेंट चोपडून ती जगत नाही. रिपेचं (कौलं ज्यावर टेकतात त्या आडव्या लाकडी पट्टीचं) टोक मसाल्यात गाडलेलं असतं, ते दर पावसाळ्यात फुगतं आणि उन्हात आक्रसतं. कडक मसाल्याला ती हालचाल सोसत नाही, म्हणून चीर तिथेच पुन्हा पडते.

मग क्रम असा: कड दुरुस्त करा, बाहेरचा पोकळ वाजणारा गिलावा काढा, भिंत वाळू द्या आणि मग इन्सुलेशन करा. वाळायला लागणारा वेळ लोक फार कमी धरतात. जाड भिंतीला साधारण इंचाला एक महिना हा जुना अंदाज आजही चालतो. नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंनी उघडी असली तरी एक पूर्ण कोरडा हंगाम द्यावाच लागतो. या काळात आतला रंग आणि फुगलेला गिलावा खरवडून ठेवा. भिंतीला पांढरा खार फुटला तर कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा. पाण्याने धुतलात तर तो विरघळून पुन्हा विटेत जाईल.

एक गोष्ट मात्र कडेला हात लावण्याआधीच ठरवा: इन्सुलेशन आतून करायचं की बाहेरून. बाहेरून ५ सेंमीचा थर आणि वर दीड सेंमी गिलावा दिला की भिंत साडेसहा सेंमी बाहेर येते. कौलं ५ सेंमीच बाहेर काढलेली असतील तर नवा गिलावा कौलाच्या पुढे जातो आणि पावसाचं पाणी सरळ इन्सुलेशनच्या मागे उतरतं. कड आधी आणि इन्सुलेशन नंतर, तेही वेगवेगळ्या कारागिरांकडून, अशा कामात हा घोळ हमखास होतो.

प्रश्न: कडेची कौलं काढून नव्याने बसवायची आहेत. गवंडी म्हणतो सिमेंट भरून देतो. नेमकं काय करून घ्यावं?

आपल्या मापाच्या घरात एका पाख्याची कड भिंतीवर ३.८४ मीटर, वळचणीचा भाग धरून सुमारे ४.३ मीटर भरते. दोन्ही बाजू मिळून ८.६ मीटर. रिपा ३२ सेंमी अंतरावर असतील तर बाजूला १४, एकूण २८ कडेची कौलं. फुटतूट धरून ३४ हाताशी ठेवा. जुन्या साच्याचं कौल नव्याशी जुळेलच असं नाही, म्हणून कड काढताना निघालेली चांगली कौलं जपून ठेवा. नवी आणायची झाली तर अकरा कौलं जमिनीवर एकात एक अडकवून पहिल्याच्या टोकापासून अकराव्याच्या त्याच टोकापर्यंत आधी पूर्ण ताणून मापा, मग पूर्ण दाबून मापा. दोन्हींची सरासरी काढून दहाने भागा. आलेला आकडा तुमच्या रिपांच्या अंतराशी जुळला तरच ती कौलं घ्या.

काम परांचीवरूनच करावं. शिडीवर एका हाताने कौल आणि दुसऱ्या हाताने थापी धरून कड सरळ येत नाही, आणि पडण्याचा धोका तर आहेच.

कडेपासून दोन रांगा कौलं उतरवा. जुना मसाला छिन्नीने काढा, पण भिंतीच्या वरच्या विटा हलू देऊ नका. हललेल्या असतील तर काढून पुन्हा बसवा. रिपेची टोकं टोचून बघा. मऊ असतील तर निदान दोन वाशांपर्यंत मागे जाऊन नवा तुकडा जोडा, कापलेल्या तोंडाला लाकूडरक्षक द्रावण दोनदा पाजा. रीप कौलाच्या बाहेरच्या कडेपर्यंत नेऊ नका, ५ सेंमी आत संपवा.

आता जी पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते ती. भिंतीच्या माथ्यावर, रिपांच्या खाली, १५ सेंमी रुंद आणि ५-६ मिमी जाड फायबर सिमेंटची पट्टी बसवायची. ती भिंतीच्या तयार गिलाव्यापासून ४ ते ५ सेंमी बाहेर यावी आणि बाहेरच्या बाजूला किंचित झुकलेली असावी. मसाला हिच्यावर पडतो आणि चुकून आत आलेलं पाणी हिच्यावरून बाहेर गळतं. ही नसेल तर मसाला विटेवरच बसतो आणि पहिल्याच चिरेतून विटेला पाणी पाजतो.

मसाला एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू. वाळूचा तिसरा हिस्सा जाडसर घ्या, नुसत्या बारीक वाळूने आक्रसून चिरा पडतात. १० सेंमी रुंद आणि सरासरी ४ सेंमी जाड थर धरला तर ८.६ मीटरला ३४ लिटर ओला मसाला लागतो, म्हणजे सुमारे १७ किलो सिमेंट आणि ३५ लिटर वाळू. कौलं आधी पाण्यात बुडवून निथळून घ्या, कोरडं कौल मसाल्यातलं पाणी शोषून घेतं आणि पकड येत नाही. कौल दाबून बसवल्यावर बाहेर आलेला मसाला त्याच वेळी थापीने सपाट करा. नंतर वेगळा पातळ हात मारला की तोच पापुद्रा पहिल्यांदा सुटतो. चार-पाच दिवस ओलं गोणपाट टाकून ठेवा.

मसाला कौल पकडून ठेवतो असं समजू नका. वाऱ्याची ओढ छपराच्या कडांना आणि कोपऱ्यांना सगळ्यात जास्त असते, म्हणून कडेचं प्रत्येक कौल आणि वळचणीच्या खालच्या दोन रांगा गंजरोधक स्क्रूने किंवा तारेने रिपेला बांधलेल्याच हव्यात.

कड भिंतीपासून ५ सेंमीपेक्षा जास्त बाहेर काढायची असेल तर नुसत्या मसाल्यावर ती पेलत नाही. तेव्हा रिपा लांबवून टोकांना बाहेरून २५ मिमी जाडीची फळी ठोकावी आणि वर पत्र्याचं टोपण द्यावं: एक पाय कौलावर १० सेंमी, दुसरा फळीवरून खाली. पत्र्याचे सांधे १० सेंमी एकमेकांवर, वरचा तुकडा खालच्यावर. ॲल्युमिनिअमचा पत्रा ओल्या सिमेंटला लागू देऊ नका, सिमेंटचा क्षार तो खाऊन टाकतो. मसाल्याशी गाठ असेल तिथे जस्ताचा मुलामा असलेला किंवा रंगवलेला पत्रा बरा.

प्रश्न: कौलं उचलल्यावर वळचणीकडची तीन वाशांची टोकं कुजलेली निघाली. पूर्ण वासे बदलावे लागतील का?

बहुधा नाही. स्क्रूड्रायव्हर टोचत टोकाकडून वर जा. जिथे तो २-३ मिमीच्या वर शिरत नाही तिथून चांगलं लाकूड सुरू. त्याच्याही पुढे ३० सेंमी जाऊन कापा, कारण बुरशीचे तंतू दिसणाऱ्या कुजीच्या पुढे गेलेले असतात. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली टिकली तर कूज पसरत नाही, तेव्हा नुसतं लाकूड बदलून भागणार नाही; पाणी का आलं तेही बघावं लागेल. बहुतेक वेळा कारण पन्हळीत असतं, त्याबद्दल पुढे येतंच आहे.

नवा तुकडा जुन्या वाशाच्या शेजारी, त्याच उंचीचा लावा. भिंतीबाहेर वासा ४५ सेंमी निघत असेल तर भिंतीच्या आत निदान ९० सेंमी लांबी जुन्या चांगल्या वाशाला चिकटून हवी. १२ मिमीचे तीन बोल्ट, दोन्ही बाजूंना मोठे वॉशर, कुठलाही बोल्ट लाकडाच्या टोकापासून ९ सेंमीच्या आत नको. बोल्ट एका रेषेत मारले तर वासा त्या रेषेत चिरतो, म्हणून थोडे वर-खाली मारा. काम चालू असताना वासा खालून टेकूवर घेतलेला असावा. भिंतीच्या माथ्यावर ज्या आडव्या लाकडावर वासे टेकतात तेच मऊ निघालं, किंवा लाकडात वाळवीची मातीची नळी दिसली, तर तिथे थांबून जाणकाराला बोलवा. तो भार सगळ्या पाख्याचा असतो.

प्रश्न: भिंत आता कोरडी आहे. त्रिकोणी भिंतीला आतून इन्सुलेशन करायचं तर किती जाडीचं आणि कशाचं? आणि प्लास्टिकचा कागद कुठल्या बाजूला?

क्षेत्रफळ ६ गुणिले २.४ भागिले २, म्हणजे ७.२ चौरस मीटर. तिरक्या कापांमुळे माल वाया जातो, तेव्हा ८.२ चौरस मीटर मागवा. रॉकवूल किंवा ग्लासवूलच्या (दगड किंवा काच वितळवून केलेल्या लोकरीच्या) पट्ट्या घेतल्यात तर एका उताराला तिरका कापून उरलेला तुकडा उलटा करून दुसऱ्या उताराला लावता येतो. एका बाजूला फॉइल चिकटवलेला माल असा उलटता येत नाही, त्याला पंधरा टक्के जास्त धरा.

जाडीचा हिशेब बघण्यासारखा आहे. नऊ इंची गिलावा केलेली भिंत दर चौरस मीटरला, आत-बाहेर एक अंशाचा फरक असताना, सुमारे १.९ वॅट उष्णता सोडते. ५ सेंमी रॉकवूल लावलं की ती ०.५ च्या आसपास येते, १० सेंमी लावलं की ०.३. म्हणजे पहिल्या ५ सेंमीने सत्तर टक्क्यांहून जास्त फायदा, पुढच्या ५ सेंमीने बारा टक्के. कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशात १० सेंमी लावाच. खोली लहान असेल आणि हवामान मध्यम असेल तर ५ सेंमी पुरे. आणि इथे जाडीपेक्षा सलगपणा महत्त्वाचा.

भिंतीपासून अडीच सेंमी सोडून इन्सुलेशनच्या जाडीएवढ्या खोलीची लाकडी चौकट उभी करा, उभे दांडे ६० सेंमी अंतरावर. दांड्याच्या बुडाखाली डांबरी कागदाची पट्टी टाका. ४० ते ५० किलो प्रति घनमीटर घनतेचं रॉकवूल घ्या. हलकं असेल तर दोन-तीन वर्षांत खाली बसतं आणि वर, आढ्याजवळ, रिकामी जागा राहते. पट्टी दोन दांड्यांमधल्या मोकळ्या जागेपेक्षा १० ते १५ मिमी रुंद कापा म्हणजे ती स्वतःच्या दाबाने टिकते. दाबून कोंबू नका, त्यातली अडकलेली हवाच काम करते. कापताना मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्या.

आता माथा. भिंतीचं इन्सुलेशन वरच्या कडेला संपतं, छपराचं वाशांच्या मध्ये संपतं, आणि शेवटचा वासा व भिंत यांच्यामध्ये ३ ते ८ सेंमीची फट तशीच राहते. वरून दिसत नाही, बोर्ड लागला की कुणी विचारतही नाही. त्या फटीतून वारा थेट इन्सुलेशनच्या मागे शिरतो आणि केलेला खर्च अर्धा वाया जातो. फटीत रॉकवूलच्या पट्ट्या हलक्या हाताने भरा, भिंतीच्या माथ्यावरही ५ सेंमीचा थर आडवा घ्या, म्हणजे दोन्ही थर एकमेकांना भिडतात. कौलांखालून वाहणाऱ्या हवेची वाट मात्र बुजवू नका: इन्सुलेशनच्या वर निदान अडीच सेंमी, शक्य तर ५ सेंमी मोकळं हवं. वळचणीला १० मिमीची सलग फट ठेवून तिला ३-४ मिमी छिद्रांची जाळी लावा, आणि ती हवा बाहेर पडायला आढ्याला वाट हवी.

प्लास्टिकचा कागद उबदार, दमट बाजूला हवा. कुठली बाजू ते हवामान ठरवतं. थंडीत खोली २० अंशांवर आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर १२ अंशांच्या खालच्या पृष्ठभागावर पाणी धरतं. तेव्हा कागद खोलीच्या बाजूला, बोर्डाच्या लगेच मागे. उलट, बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असताना हे पाणी २६ अंशांनाच धरतं. खोलीत एसी २४ वर चालू असेल तर बोर्डामागचा कागद थंड पडतो आणि बाहेरून आलेलं बाष्प त्याच्यावर थेंब होऊन जमतं. अशा ठिकाणी आतला कागद लावूच नका, बाहेरचा गिलावा आणि कड नीट ठेवा. वर्षात दोन्ही प्रकारचे महिने येत असतील तर बाष्प थोडं थोडं जाऊ देणारा पडदा मिळतो, तो लावा. शेवटी १२.५ मिमीचा जिप्सम बोर्ड.

भिंत चुन्यात बांधलेल्या दगडाची असेल तर बाहेरून सिमेंटचा कडक गिलावा टाळा. एक भाग चुना, तीन भाग वाळू असे दोन हात द्या, पहिला १० मिमी, दुसरा ६ ते ८ मिमी. दरजा (दगडांमधले सांधे) भरताना आधी निदान अडीच सेंमी खोल उकरा.

प्रश्न: रॉकवूलऐवजी भिंतीवर थेट थर्माकोल चिकटवला तर?

स्वस्त पडतं आणि उष्णता अडवण्यात जवळपास तितकंच चांगलं. पण उन्हात कौलांच्या पोटाचं तापमान सहज साठ-सत्तर अंशांवर जातं आणि थर्माकोल ऐंशीच्या आसपास मऊ होतो, त्यामुळे कौलांलगत नको. द्रावणी गोंदाने तो विरघळतो, सिमेंटवर आधारित चिकट मसाला वापरा. पीव्हीसीची वायर त्याला चिकटून ठेवली तर वायरीचं आवरण काही वर्षांत कडक, ठिसूळ होतं. वायरी पाइपातून न्या. उघडा ठेवायचा नाहीच, आगीत तो वितळत पेटतो. वर जिप्सम बोर्ड हवाच.

प्रश्न: कौलांच्या खालून फोम फवारून देतो, गळती आणि उष्णता दोन्ही बंद, असं एक ठेकेदार म्हणतो.

करू नका. फोम कौलं आणि रिपा एकमेकांना चिकटवून टाकतो. एक कौल फुटलं तर ते सुटं निघत नाही. गळती थांबत नाही, फक्त पाणी दुसऱ्या जागी, लाकडाला लागून साठतं, आणि लाकूड कुजलं तरी वरून-खालून दिसत नाही. खिडकीच्या चौकटीभोवतीची फट भरायला डब्यातला फोम ठीक. तिथेही ऊन लागतं त्या जागी तो पिवळा पडून भुगा होतो, वरून झाकावा लागतो.

प्रश्न: मोठ्या पावसात पन्हळ भरून मागच्या बाजूने भिंतीवर ओघळते. साफ केली तरी तेच.

एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी. आपल्या घराच्या एका पाख्याचं जमिनीवर पडणारं माप, वळचण धरून, सुमारे २७ चौरस मीटर. तासाला १०० मिमीच्या जोराने पाऊस आला तर सेकंदाला पाऊण लिटर पाणी येतं, त्याच्या दुप्पट जोर आला तर दीड. १० सेंमीची अर्धगोल पन्हळ पाऊण लिटरलाच काठोकाठ होते. १५ सेंमीची घ्या, किंवा आठ मीटरला एकाऐवजी दोन टोकांना दोन पाइप द्या.

मागून ओघळण्याचं कारण मात्र बहुतेक वेळा आकार नसतो. पन्हळीचा मागचा काठ पुढच्यापेक्षा खाली असतो, किंवा कौलाचं टोक पन्हळीच्या तोंडावर पुरेसं येत नाही आणि पाणी कौलाच्या पोटाला चिकटून, पन्हळ जिच्यावर ठोकलेली असते त्या फळीमागे उतरतं. कौल सुमारे ५ सेंमी आत यावं, म्हणजे धार पन्हळीच्या मध्याच्या थोडी अलीकडे पडते. फारच पुढे असेल तर जोराचा पाऊस पन्हळ ओलांडून जातो. फळीच्या माथ्यावरून पन्हळीत उतरणारी पत्र्याची पट्टी कौलांखाली सरकवली की हे ओघळणं थांबतं.

दोन टोकांना सूतदोरी बांधून उतार तपासा: ३ मीटरला ८ ते १० मिमी. ब्रॅकेट एक मीटरवर आहेत का बघा. मुसळधार पावसाच्या भागात ६० सेंमीवर हवेत, नाहीतर भरलेली पन्हळ मध्येच झोळ खाते आणि तिथूनच ओसंडते. तपासणी बादलीभर पाणी वरच्या टोकाला ओतून करा, पावसाची वाट बघू नका.

प्रश्न: वळचणीच्या खालच्या बाजूला जुने राखाडी सिमेंटचे पत्रे आहेत. तेच भोकं पाडून जाळी लावायला वापरता येतील का?

ते ॲस्बेस्टॉसचे नाहीत हे तपासणीत सिद्ध होईपर्यंत भोक पाडू नका, कापू नका, ब्रशने किंवा प्रेशर पंपाने धुऊ नका. धागे त्या धुळीतूनच फुफ्फुसात जातात आणि कापडी मास्क त्यांना अडवत नाही. पत्रे अखंड असतील आणि हलत नसतील तर रंग देऊन तसेच ठेवता येतात, हवेची वाट मग वळचणीऐवजी पन्हळीच्या फळीच्या माथ्यावरून काढा. तुटलेले असतील तर नियमाप्रमाणे प्रशिक्षित माणसांकडूनच काढून घ्या: पत्रा ओला करून, बोल्ट कापून, पूर्ण तुकडा खाली उतरवून जाड पॉलिथिनच्या दुहेरी थरात बांधायचा असतो. कडेचं आणि वाशांचं काम त्यानंतर सुरू करा.